धर्माचं कोरं बोट

मित्रांनो, धक्क्याजवळच्या करंजाखाली पालथी पडलेली ती जुनी होडी म्हणजे मी. तुम्ही माझ्या पाठीवर बसून ढोल बडवता, चिंचा खाऊन चिंचोके माझ्या फटींत कोंबता. बडवा बापडे! पण आज जरा गप्प बसा आणि माझं ऐका.

मला येसाजींनी सागाच्या फळ्यांतून घडवून घेतलं. मिठागरातून दमून आले तरी ते माझ्या फटींत कापूस भरायचे, वरून डांबर लावायचे. त्यांच्यानंतर वल्हं त्यांच्या मुलाच्या, धर्माच्या हाती आलं. आमची वाडी खाडीच्या अलीकडे आणि शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडे. माणसं, मिठाच्या गोणी, एकदा तर अख्खी वरात मी वाहिली.

पण माझा खरा दिमाख मतदानाच्या दिवशी! धर्मा मला झेंडूची माळ घालायचा. बाया ठेवणीतली लुगडी नेसून यायच्या. सगळ्यांना पोचवून, भरती बघून, शेवटी तो स्वतः उतरायचा. परतताना वल्ह्यावर त्याचं शाईचं बोट दिसायचं. "बघ गं, आज मी पन सरकार हाय," असं तो मला म्हणायचा. होडीशी बोलणारा वेडा माणूस! मला मात्र त्याचं भारी कौतुक वाटायचं.

मग एका वर्षी मतदार यादीची पडताळणी निघाली. पलीकडच्या शाळेत शिबिर लागलं. ज्याने त्याने स्वतः जाऊन अर्ज भरायचा, नाहीतर नाव निघणार. धर्माने वाडीतल्या एकेकाला नेलं. बायकोला, सगुणाला, हात धरून उतरवलं.

"तुमी पन चला की," ती म्हणाली.

धर्माने पाण्याकडे बघितलं. ओहोटी लागली होती. तो गेला असता तर मी चिखलात रुतले असते आणि म्हातारी माणसं भरती येईपर्यंत पलीकडेच अडकली असती.

"आधी सगल्यांचं होऊ दे. मी काय, रोज हितंच हाय. मला कोन वलखत न्हाय?"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग शिबिर उठलं. सगुणाला वाटलं, नंतरच्या फेरीत यांनी उरकलं असेल. वाडीला वाटलं, रोज शिबिराला जाणारा माणूस, याचं तर पहिलंच झालं असणार. आणि धर्मा? त्याला खरोखर वाटत होतं की एवढा ओळखीचा माणूस यादीतून कसा निघेल!

मतदानाचा दिवस आला. माळ घातली, फेऱ्या झाल्या. शेवटी धर्मा नवा सदरा सारखा करत उतरला आणि लगेचच परत आला. सोबत त्याची नात कल्पिता रडत होती.

"आज्याचं नावच न्हाय यादीत! कार्ड दाखवलं, तर म्हणाले नुसतं कार्ड चालत नाही."

परतायला सगळे होडीत बसलेच होते. बायांनी शाईची बोटं पदराखाली लपवली. शेजारची नलू हळूच म्हणाली, "धर्मादादा, तवा तुमचं झालंच नव्हतं?"

"न्हाय गो. कुनी इचारलंच न्हाय."

त्याने वल्हं उचललं. त्याचं बोट कोरं होतं. माझी फळी न् फळी आतून रडली, मित्रांनो. खाडीभर तो एक शब्द बोलला नाही, माझ्याशीसुद्धा नाही.

कल्पिताने त्याचा नवा अर्ज भरून घेतला. नाव यादीत परत आलंही. पण पुढची निवडणूक काही धर्माला दिसली नाही. तो गेला, खाडीवर पूल झाला आणि मला इथे पालथं घातलं. त्या निवडणुकीला सगळी वाडी रिक्षाने पुलावरून गेली. परतताना सगुणा माझ्याजवळ येऊन बसली. जिथे धर्मा हात टेकायचा, तिथे शाईचं बोट फिरवत म्हणाली, "घरी आल्यावर येकदा इचारलं असतं, तर काय झिजली असती का मी?" आणि पदर तोंडाला लावून रडली.

मित्रांनो, अठरा वर्षं पूर्ण झाली की नाव नोंदवा. दर निवडणुकीआधी ते यादीत आहे की नाही, डोळ्यांनी बघा. आणि तुम्हाला पलीकडे नेणारं कुणी असेल, तर उतरण्याआधी त्याला विचारा, "काका, तुमचं झालं का?" नाही म्हणाला, तर त्याला जाऊ द्या आणि तेवढा वेळ तुम्ही होडी पाण्यात धरून उभे राहा. मला धरायला एक माणूस पुरला असता हो.