आंब्याच्या बुंध्यातली भोकं

कन्हेरीच्या गेणबांनी बांधावरच्या केशर आंब्याच्या बुंध्याला चार भोकं मोजली आणि जागच्या जागी गुन्हेगार ठरवून टाकला. भोकं करंगळी जाईल एवढी, चांगली गोल. खाली मातीवर लाकडाचा भुसा. वरची एक मोठी फांदी पिवळी पडलेली. बांधापलीकडच्या दादासोनं दिवाळीतच बारामतीहून बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन आणलं होतं. आंब्याची सावली उसावर पडते, तेवढ्या चार सऱ्या खुरटतात, असं तो दोन वर्षांपूर्वी एकदा बोललाही होता. भोकं पाडून आत ॲसिड ओतलं की झाड उभ्या उभ्या वाळतं, हे गेणबांनी कुठंतरी ऐकलेलं. त्यांना एवढं पुरलं.

ते दादासोकडे गेले नाहीत. सरळ पारावर गेले आणि पाच-सहा जणांत बोलून आले. संध्याकाळच्या आत ते दादासोच्या कानावर गेलं. तो स्वतः अंगणात आला आणि शांतपणे म्हणाला, "तात्या, भोकं मी पाडली म्हणताय?"

गेणबा पाठ फिरवून गोठ्यात शिरले. दादासो निघून गेला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

आठवड्यानं मोना माहेरी आली. ती गेणबांची धाकटी लेक, इंदापूरजवळ दिलेली. तिथल्या एका रोपवाटिकेत ती पेरू-आंब्याची कलमं बांधायची. चहा व्हायच्या आधीच गेणबा तिला झाडाकडे घेऊन गेले आणि चारही भोकं दाखवत सगळी हकिगत सांगून मोकळे झाले.

मोना खाली बसली. भुसा चिमटीत घेऊन तिनं तळव्यावर चोळला. तो ओलसर होता, चावून टाकल्यासारखा, मधे बारीक गोळ्या. एका भोकातून चिकट रस ओघळलेला.

"आबा, हा मशीनचा भुसा न्हाय," ती म्हणाली.

गेणबांना ते पटेना. मग मोनानं खराटा आणला, बुंध्याभोवतीची जागा लख्ख झाडली आणि खताची रिकामी पोती उसवून चहूबाजूंनी अंथरली. दादासो त्याच दुपारी बायकोला, स्वप्नालीला घेऊन तिच्या माहेरी नरसिंहपूरला गेला होता. गाडीवरून जाताना त्याला सगळ्या आळीनं बघितलं होतं, गेणबांनीही.

सकाळी उजाडल्यावर बापलेक झाडाखाली गेले. दोन भोकांच्या खाली, पोत्यावर ताज्या भुशाचे दोन छोटे ढीग पडले होते.

गेणबांनी वाकून एका ढिगात बोट घातलं. "दादासो तर नरसिंहपुरात हाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

मोनानं जाड तारेच्या टोकाला आकडा केला आणि एका भोकात वरच्या अंगानं हळूहळू सारला. तार कशात तरी मऊ रुतली. तिनं पीळ देऊन ओढली, तशी बोटाएवढी लांब, पांढरी गुबगुबीत अळी बाहेर आली. डोकं तपकिरी, तोंड चालूच. गेणबा दोन पावलं मागं सरले.

हा भिरूड, तिनं सांगितलं. लांब मिशांचा भुंगा पावसाळ्यात सालीच्या फटीत नाहीतर जखमेत अंडी घालतो. अळी आतून खोड पोखरत जाते आणि भुसा बाहेर ढकलते. झाडाला जखम कुठं झाली होती, हे तिनं बोट ठेवूनच दाखवलं. ट्रॅक्टरला आडवी येते म्हणून गेल्याच्या गेल्या साली एक खालची फांदी तोडली होती. तिचं थोटूक तसंच उघडं होतं. कुऱ्हाड गेणबांनीच चालवली होती. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

बाकीच्या भोकांत मोनानं पेट्रोलात भिजवलेला कापूस तारेनं आत सारला आणि तोंडं ओल्या मातीनं लिंपली. पिवळी फांदी जाणार, झाड राहील, असं तिनं सांगितलं. थोटकाला मोरचूद-चुन्याची पेस्ट लावली. मग हात धुताना म्हणाली, "जे पारावर म्हणाला, ते पारावरच मागं घ्या."

गेणबांनी अळी प्लास्टिकच्या बरणीत घातली आणि पारावर गेले. सुरुवात त्यांनी भुंग्याच्या मिशांपासून केली, मग अंडी, मग भुसा, आणि बऱ्याच वेळानं स्वतःपर्यंत आले. माणसं हसली. दादासोचं नाव आपण उगीच घेतलं, हे वाक्य गेणबांनी दोनदा म्हटलं. पहिल्यांदा ते नीट ऐकू गेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दादासो परतल्यावर ते त्याच्या दारात गेले, मोना मागोमाग. स्वप्नालीनं चहा ठेवला. दादासो बरणीकडं न बघता बोलला, "ड्रिल माझ्याकडं हाय, म्हणून माझ्यावर आलं, त्याचं काय न्हाय. मी विचारायला आलो तवा तुमी गोठ्यात गेला."

"चुकलं माझं," गेणबा म्हणाले. "भ्यालो व्हतो. तू न्हाय म्हणला असतास, तर मला पटलं असतं, आन् पारावर तर मी बोलून बसलो व्हतो."

दादासोनं चहा संपवला. मग बरणी उचलून उजेडात धरली आणि अळी किती दिवस आत होती, ते मोनाला विचारलं. वर्षभर तरी, ती म्हणाली. त्यानं तिला परसात नेलं. त्याच्या नारळाची नवी झावळी उघडली की कात्रीनं कापल्यासारखी निघायची, दोन्हीकडून सारखी. मोनानं खालूनच सांगितलं, गेंड्या भुंगा. शेंड्यात बसलेला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासो शिडी लावून तार घेऊन वर चढला. खाली शिडी गेणबांनी धरली. तोवर आळीतल्या बायका लिंबाची वळलेली पानं आणि पांढरी बुरशी धरलेली जास्वंद घेऊन मोनाभोवती जमल्या होत्या. वरून काळा, डोक्यावर शिंग असलेला भुंगा थेट गेणबांच्या पायाशी पडला. उतरताना शेवटची पायरी उंच होती. दादासोनं गेणबांच्या खांद्यावर हात टेकला आणि खाली पाऊल ठेवलं.

मोनाची साडेनवाची इंदापूरची गाडी तोवर निघून गेली होती. ती एका पानामागची नागमोडी रेघ बायकांना दाखवत होती.