बॉनेटवरचं कुंकू

नवी गाडी घरी आली की तिच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, ही रीत आपल्या खान्देशात कुणाला शिकवावी लागत नाही. पुढे ते कुंकू उन्हात भाजतं, रंगावरच्या पारदर्शक थरात मुरतं आणि महिन्याभरात मालक कपाळाला हात लावून बसतो. असे डाग काढण्यात सबंध जळगावात हेमलताचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिच्या कपाळाचं कुंकू पाच बायकांनी धरून पुसलं होतं, ती आता लोकांच्या गाड्यांवरचं कुंकू पुसून पोट भरत होती.

भुसावळ रस्त्यावर समाधानचं दुकान होतं. गाड्या धुणं, पॉलिश, रंगावर काचेसारखा थर चढवणारं सिरॅमिक कोटिंग, सगळं तिथे व्हायचं. नवरा गेल्यावर हेमलता तिथे गाड्या पुसायला लागली आणि सहा वर्षांत दुकानाची मुख्य कारागीर झाली. रंगावर दिवा तिरका धरला की कुठे ओरखडा आहे, कुठे पुन्हा रंग मारलाय, हे तिला लगेच कळायचं. गिऱ्हाइकं यायची ती "ताई आहेत का?" असं विचारतच. पाचोऱ्याच्या सासरी मात्र तिची ओळख एवढीच, की ती जळगावला "गाडी धुवाना दुकानमा काईतरी करस." काय करते, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. विधवा सून डोळ्यांआड आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

त्या मंगळवारी शोरूममधून एक गडद निळी मोठी गाडी दुकानात आली. पावतीवर नाव होतं देवचंदभाऊंचं. म्हणजे तिच्या थोरल्या दिरांचं, पाचोऱ्यातल्या खतं-बियाण्यांच्या मोठ्या दुकानाच्या मालकाचं. नऊ दिवसांनी हेमलताच्या प्राचीचं लग्न होतं. मुलीला बाप नाही म्हणून लग्न काकांच्या दारात ठरलं होतं, आणि नवरी धुळ्याला गोपालच्या घरी जाणार होती ती याच गाडीतून.

हेमलता पावती वाचत होती तेवढ्यात मोठ्या जावेचा, रुख्माबाईंचा फोन आला.

"हेमे, हळदले तू ये, पण मांगनी खोलीमा ऱ्हाय बरं. पोरीले तुना हात लागाले नको. पहिली हळद मी लावसू."

"अक्का, मनी पोर शे ती."

"पोर तुनीच शे वं माय, पण रीत बठ्ठासनी शे. तुना नशीबमा नव्हतं, त्याले कोण काय करी?"

फोन बंद झाला. हेमलताने बाकी सगळं गिळलं होतं. डोहाळजेवणं, बारशी, वास्तुशांत, प्रत्येक वेळी तिने मागच्या खोलीत कांदे चिरले होते. पण प्राचीला हळद लावायची, हे एकच मागणं तिने मनाशी जपलं होतं. बाप गेला तेव्हा प्राची सतरा वर्षांची होती. तिला शिकवलं, दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीपर्यंत पोचवलं, ते याच हातांनी. आणि आता तेच हात वाईट! पोरीच्या फीचे पैसे मागायला ती गेली होती तेव्हा 'नाही' म्हणताना या घरात कुणाला रीत आठवली नव्हती. कामापुरता मामा म्हणतात तो यांच्यापुढे साधूच म्हणायचा.

समाधानने तिचा चेहरा पाहिला. "ताई, घरचं आहे का? ही गाडी दुसऱ्याला देऊ?"

"नको," ती म्हणाली. "हिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

आता खरं सांगायचं तर तिच्या मनात वाईट आलं होतं. पॉलिशचं मशीन हातात होतं. बॉनेटच्या धारेवर रंग पातळ असतो. तिथे मशीन दोन क्षण जास्त टेकलं की खालचा पत्रा डोळे वटारून बघायला लागतो. ती धारेपाशी थांबली. तिने मशीन टेकवलंसुद्धा. मग उचललं. गाडीने तिचं काय बिघडवलं होतं? आणि खराब काम करून सूड घ्यायचा, तर उद्या हेच लोक म्हणायचे, पाहा, रांडमुंडेचा हात लागला. नाही. सूड घ्यायचा तर काम असं करायचं, की त्याच्याकडे बोट दाखवायला जागा राहू नये.

दोन दिवस ती त्या गाडीवर राबली. टपापासून चाकांपर्यंत बोटांनी चाचपलं, चिकणमातीसारख्या वडीने रंगावरची बारीक कचकच काढली, पॉलिश केलं, मग वीतवीतभर जागा घेत कोटिंग चढवलं आणि मऊ कापडाने पुसलं. गाडी अशी झाली की समाधान तिच्यात बघून भांग पाडायला लागला.

दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला गाडी देताना सांगायचं, की कोटिंगवर ओलं कुंकू धरत नाही, पूजेला स्वस्तिकाचं स्टिकर लावा. सांगायचं काम हेमलताचं. देवचंदभाऊंचा, तिला न ओळखणारा माणूस गाडी न्यायला आला तेव्हा तिने त्याला किल्ली दिली, पावती दिली आणि ती गप्प बसली.

रविवारी सकाळी पाचोऱ्याला पूजा होती. अंगणात चाळीसेक माणसं, भावकीतल्या पाच-सहा गाड्या ओळीने उभ्या. हेमलता प्राचीला घेऊन आली आणि नेहमीसारखी फाटकाजवळच्या भिंतीला टेकून राहिली. देवचंदभाऊ ज्याला त्याला गाडीजवळ ओढून नेत होते. "आरसा शे ना? जळगावले खास माणूसकडून करी लिधं. असा कारागीर जिल्हामा नही!" हेमलता ऐकत होती, आणि तिला ते गोड लागत होतं.

रुख्माबाईंनी ताट घेतलं. कुंकू पाण्यात कालवलं आणि करंगळीशेजारच्या बोटाने बॉनेटवर पहिली रेघ ओढली. रेघ आखडली, तिचे थेंब झाले आणि थेंब खाली घरंगळले. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोट दाबून ओढली. बॉनेटवर स्वस्तिक नव्हतं, फक्त लाल ओघळ होते.

"अपशकून शे भाऊ," कुणीतरी म्हणालं.

रुख्माबाई गर्रकन वळल्या. त्यांची नजर कुठे जाणार, हे हेमलताला ठाऊक होतं. "मी सांगतच व्हती! तिले समोर उभी करू नका. शुभ कामले तिनी नजर लागनी!"

"हेमलता, मांगे जाय," देवचंदभाऊ गरजले. "लाज शे का नही?"

आजवर ती अशा वेळी मागे गेली होती. आज ती पुढे आली, थेट गाडीपर्यंत, आणि तिने बॉनेटवर सगळ्यांदेखत तळवा टेकवला.

"अपशकून नही भाऊ. कोटिंग शे. तुम्हना जिल्हामधला तो खास कारागीर मीच. हाई गाडी टपपाईन चाकपावत मी करेल शे. बोटभर जागा नही, जठे मना हात नही."

प्राचीने आईकडे पाहिलं. ही बाई आपली आई आहे यावर तिचा क्षणभर विश्वास बसेना.

"गोमूत्र आना," देवचंदभाऊ कसेबसे म्हणाले. "धुई टाका बठ्ठं."

"धुवा ना. पाच वरीस ते निंघाव नही."

आणलं, ओतलं. गोमूत्राचे गोल गोल थेंब झाले, बॉनेटवरून पळत सुटले आणि देवचंदभाऊंच्या नव्या चपलांवर पडले. एक बाई पदराआड हसली.

हेमलता थांबली नाही. सहा वर्षांचं साचलेलं होतं, आणि समोर ओळीने गाड्या उभ्या होत्या.

"वना आबा, ती तुम्हनी पांढरी गाडी. तिनावरलं कुंकू मीच काढेल शे. त्यानानंतर आठ दिनमा तुम्हले नातू व्हयना. पुना नाना, तुम्हनी लाल गाडी. सून तिनामाच बशीसन उनी ना? आदला दिवस मी तिले हात फिरायेल व्हता. सांगा, काय वाईट व्हयनं? धुवा आते बठ्ठ्या गाड्या. नातूलेबी धुवा!"

वना आबा आपल्या गाडीकडे पाहत राहिले.

"असं बोलशी," देवचंदभाऊ दात खात म्हणाले, "ते पोरनं लगन मी करी देवाव नही."

हीच भीती हेमलताला इतकी वर्षं मागच्या खोलीत बसवत आली होती. पण उत्तर तिला द्यावं लागलं नाही.

"काका, नका करून देऊ," प्राची म्हणाली. "हळद मला आईच लावेल. तुमच्या दारात चालत नसेल, तर जळगावला आमच्या दारात होईल. गोपालला मी आत्ता फोन करते. त्याला चालत नसेल, तर हे लग्नच नको."

तिने तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला. पलीकडून गोपालने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईला पटवायला मला आजचा दिवस दे. ती रागावली, तरी मी येतोय." एवढंच. तो काही मोठा क्रांतिकारक नव्हता, पण दिला शब्द त्याने पाळला.

देवचंदभाऊंनी मात्र नाद सोडला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी धुळ्याच्या एका दुकानात नेली आणि कोटिंग घासून काढायला सांगितलं. तिथल्या माणसाने हात जोडले, मूळ रंगाला धक्का लागेल म्हणाला. देवचंदभाऊ हट्टाला पेटले आणि त्यांनी ते घासायलाच लावलं. आता बॉनेटच्या धारा पांढुरक्या पडल्यात, दुपारच्या उन्हात लांबूनही दिसतात. हेमलताला हे कळलं तेव्हा ती खूप हसली, आणि तिच्या हसण्याबद्दल मी तिला मुळीच बोल लावणार नाही.

हळद जळगावला, पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांसमोरच्या बोळात झाली. पाचोऱ्याहून कुणी आलं नाही, आणि हेमलताने कुणाची वाटही पाहिली नाही. "माफ केलं का?" असं समाधानने विचारलं, तेव्हा ती स्वच्छ "नाही" म्हणाली. पॉलिशने काळवंडलेल्या बोटांनी तिने लेकीच्या गालाला हळद लावली. मग तिने वाटी उचलली आणि दाराआडून बघणाऱ्या शेजारच्या लताबाईंपुढे धरली. लताबाई सत्तरीच्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात चार मुली. चौघींची लग्नं झाली.

म्हातारी दोन पावलं मागे सरकली. मग तिने वाटीत बोटं बुडवली, प्राचीजवळ आली आणि तिथेच अडखळून उभी राहिली.

"पहिले कुठे लावतस वं?" तिने हळूच विचारलं. "चार पोरी उजायन्यात मी, पण माले कोणी लावूच नही दिधी."

बोळातल्या एकाही सवाष्णीला मान वर करता आली नाही. वाचकहो, तुमच्या घरात पुढचं लग्न कधी आहे? त्या दिवशी मागच्या खोलीत कोण बसणार आहे, हे तुम्हाला आजच माहीत आहे.