लोकरीचा म्हणून आलेला गालिचा

मित्रांनो, मी एक जुना, लाल गालिचा आहे. बाल्कश सरोवराच्या काठी कुलाश नावाच्या बाईच्या घरात, टीव्हीसमोर अंथरलेला. माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतो तो बाजार. दुकानदाराने माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "शुद्ध लोकर आहे, ताई. अगदी डोळे मिटून न्या!" रायखान नावाच्या मुलीच्या आईने लेकीच्या लग्नात द्यायला मला घेतलं. ती तर फसलीच, पण मीही फसलो. स्वतःला मेंढ्यांच्या वंशातला समजून मी मिरवू लागलो.

रायखानची सासू म्हणजे ही कुलाश. तिचा उभा जन्म लोकर पिंजून, दाबून नमद्याची जाड अंथरुणं करण्यात गेला होता. माझा एक धागा जाळून वास घेतला असता, तर तिला खरं-खोटं तिथेच कळलं असतं. पण विहिणीने दिलेल्या वस्तूची पारख करणं म्हणजे तिचा पाणउतारा, आमच्याकडे असं कुणी करत नाही. तिने हात फिरवला, जराशी थबकली आणि म्हणाली, "छान आहे हो."

पुढची बारा वर्षं माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की मला मधोमध अंथरत आणि माझ्यावर चहा आणि तळलेल्या पिठाचे गोळे, बाउरसाक, मांडत. दर उन्हाळ्यात सासू-सुना मला सरोवरावर नेत, साबण लावून खराट्याने घासत.

"रेटून घास गं! गालिचा आहे, नवरा नाही, एवढं काय जपतेस?" कुलाश म्हणायची.

"नवऱ्याला इतकं घासलं असतं, आत्याबाई, तर तुमचा लेक आज चमकला असता!"

दोघी हसत. माझा लाल भुगा पाण्यावर तरंगत जाई. लोकर थोडी सुटायचीच, असं दोघी म्हणत आणि मला पुन्हा बुचकळत.

गेल्या शरदात रायखान ओसरीवर मासे साफ करत होती. एका माशाच्या आतड्यातून लाल धाग्यांचा गुंता निघाला. तिने तो तळहातावर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सासूला हाक मारली.

कुलाशने या वेळी मुलाहिजा ठेवला नाही. माझ्या कडेचा धागा उपटून काडी लावली. खरी लोकर असती, तर जळल्या केसांचा वास यायला हवा होता. धागा मात्र वितळला, आक्रसला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. घरभर जळक्या बादलीचा वास पसरला.

"प्लास्टिक," कुलाश म्हणाली. "पहिल्या दिवशी हात लावला तेव्हाच शंका आली होती गं मला. तुझ्या आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले."

"आणि तोगजान? वाळवलेली बारकी मासळी ती आतड्यांसकट खाते, आत्याबाई!"

तोगजान म्हणजे रायखानची सात वर्षांची लेक. कुलाश खाली बसली.

मित्रांनो, मला त्या दुकानदाराचा संताप येतो. त्याने मला खोटं नाव दिलं आणि माझ्याकडून हे काम करून घेतलं. ज्या पाण्याने मला स्वच्छ केलं, त्यातच मी बारा वर्षं घाण सोडत होतो. मासे अन्न समजून मला गिळत होते. समोरच्या टीव्हीवर ऐकलं, की असले बारीक कण माणसाच्या रक्तातही सापडलेत, त्यांनी नेमकं काय बिघडतं याचा शोध अजून चालू आहे.

आता मला सरोवरावर नेत नाहीत, आणि बारकी मासळीही घरात बंद झाली. उकिरड्यावर टाकलं तर उन्हाने माझा आणखी भुगा होईल, हेही कुलाशला कळतं. पण अडगळीतही ती मला ठेवत नाही. नौरीजच्या सणाला रायखानची आई येणार आहे. "गालिचा दिसला नाही, तर तिला काय वाटेल?" म्हणून सासू-सुनेने तिला काहीच सांगायचं नाही असं ठरवलंय. पुन्हा तोच सभ्यपणा!

आणि तोगजान रोज शाळेतून येते ती थेट माझ्यावर लोळते. माझ्यावर तोंड घासते, खदखदून हसते. खिडकीतल्या उन्हात माझे तंतू तिच्या नाकाशी उडताना मला दिसतात. मी तिला ढकलू शकत नाही.

जुन्या वस्तू सहसा म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी ते कोणत्या तोंडाने म्हणू? मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर रायखानला माझा निरोप सांगा. म्हणावं, आईला खरं काय ते सांग, आणि मला गुंडाळून तुझ्या पोरीपासून लांब ठेव.