धुमारीची झील

मी शिवहार. गोरेगाव ते सेनगाव काळीपिवळी चालवतो. माझ्या गाडीत नवरी बसली, बोकड बसला, सोयाबीनची पोती बसली, पण कवी एकच बसतो आणि ती माझी धाकटी बहीण साधना आहे. हे मी गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ज्याला ऐकायचं नसेल त्याने मागची गाडी धरावी.

आम्ही मेंढरांची माणसं. आबांचा, म्हणजे वडिलांचा, कळप आजही फिरता आहे. लहानपणी त्या कळपामागे चालता चालता साधनाने एक देश रचला आणि त्याला धुमारी नाव दिलं. तिथली नदी दिवसभर डोंगरात चरते आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येते. तिथली राणी चंद्राची लोकर कातरते. मी लई चिडवायचो. स्टँडवर "सेनगाव, सेनगाव!" ओरडताना मध्येच "धुमारी, एक सीट!" असा आवाज टाकायचो आणि ती चप्पल घेऊन माझ्या मागे लागायची. आता त्याच धुमारीच्या कवितांचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर तिचं नाव आणि त्यात आबांचंही, साधना दगडोबा. मी ती अक्षरं बोटाने चाचपून पाहिली. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

प्रकाशन गोरेगावातच एका मंगल कार्यालयात ठेवलं होतं. जाताना गाडीत साधना पुस्तकाचा कोपरा दुमडत आणि सरळ करत बसली होती.

"काहून तोंड पाडून बसली?" मी विचारलं.

"दादा, बाहेरचं कुनी काई म्हनू दे, मला फरक न्हाई पडत. पन आज आपली मान्सं येऊन राहिली. आबा आन् त्यांच्या जोडीदारायनी हे खोटंनाटं म्हनलं ना, तर मी पुन्यांदा लिव्हनार न्हाई."

मी हसण्यावारी नेणार होतो. पण आमच्या घरात एकदा बोललेला शब्द कुणी मागे घेत नाही, आणि साधना तर आबांचीच लेक.

आबा कळप शेजाऱ्यावर सोपवून आले होते. सोबत मेंढरांमागे फिरणारे त्यांचे जोडीदार, खांद्यावर घोंगड्या. मुलीकडचे म्हणून ते सरळ पहिल्या रांगेत बसले. बसता बसता आबांनी माईकवाल्या कय्युमला विचारलं, "ही धुमारी कोन्या तालुक्यात येती रं?"

कय्युम माझा दोस्त. तो म्हणाला, "चाचा, अबी सुनो. पता चल जाता."

मग प्रमुख पाहुणे बोलायला उठले. भाषा गोड आहे म्हणाले, हातोटी आहे म्हणाले. आणि मग म्हणाले, "पण ताई, नदीला पाय नसतात. मेंढपाळाच्या लेकीने मेंढपाळाचं दुःख लिहावं. पुढच्या पुस्तकात ही धुमारी सोडून द्या."

लोक थोडे हसले. माझं डोकं सणकलं. दुःख आमचं, ते कधी मांडायचं हे ठरवणारे हे कोण? मी उठणारच होतो, तर कय्युमने माझा शर्ट धरला. "बैठ. पहले बहन को बोलने दे."

साधना उभी राहिली. पुस्तक उघडलं. तिने वाचलं,

धुमारीच्या देशात नदीला पाय,
दिस बुडता बुडता घराला जाय.

आणि ती थांबली. सगळीकडे शांतता. शहरात अशी शांतता म्हणजे मान असतो म्हणे. आमच्यात तसं नाही. बिरोबाच्या जागराला एकजण ओवी म्हणतो आणि ती मनाला लागली तर बाकीचे तिचा शेवटचा तुकडा उचलून पुन्हा म्हणतात. याला झील धरणं म्हणतात. ओवी पटली नाही तर मंडळी गप्प राहतात. तोंडावर वाईट बोलायची गरजच पडत नाही. पहिला तुकडा उचलायचा मान वडीलधाऱ्याचा, आणि इथे वडीलधारे आबा होते. ते खाली मान घालून बसले होते.

साधनाने त्यांच्याकडे पाहिलं. मग पुस्तक मिटायला घेतलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आबांनी मान वर केली, एक हात कानाला लावला आणि खड्या आवाजात तुकडा उचलला, "घराला जाय, गं, घराला जाय!"

मागोमाग सगळी घोंगडीवाली मंडळी. "घराला जाय, गं, घराला जाय!" मंगल कार्यालयाचे पत्रे दणाणले.

सूत्रसंचालक धावत माईककडे आला. "कृपया शांतता राखा, कवितावाचन सुरू आहे!"

आबा भडकले. "शांत कसं ऱ्हावं? पोरगी एकली म्हनून राहिली. झील न्हाई धरायची? ओवी पडू द्यायची का?"

सूत्रसंचालकाने आवाज कमी कर म्हणून कय्युमला खूण केली. कय्युमने तो वाढवला.

साधनाने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि आबांच्या चालीत गायला लागली.

कातरली राणीनं चंद्राची लोकर,
थंडीची उरली न कुनाला फिकर.

"कुनाला फिकर, गं, कुनाला फिकर!" आता मागच्या रांगेतल्या बायाही धरत होत्या, मीही धरत होतो. माझा आवाज म्हणजे गाडीचा हॉर्न, पण कुणी हटकलं नाही. पाहुण्यांचं बोटसुद्धा टेबलावर तालात चालू लागलं, हे सांगायलाच हवं. ती माझी बहीण आहे, असं मी शेजारच्याला दोनदा सांगितलं. तो माझा सख्खा चुलतभाऊ होता.

परतताना आबा पुढच्या सीटवर बसले, साधना मागे.

"आबा," तिने हळूच विचारलं, "पयल्यांदा गप काहून बसले? माझा तर जीवच गेला."

"आगं, नदी घरला निंगाली म्हनली तू. म्हनलं, तिला पोचू तर द्यावं."

साधना रडत होती की हसत होती, आरशात नीट दिसेना. आबांनी खांद्यावरची घोंगडी सावरली. मग मागे न वळता म्हणाले, "पुढल्या खेपंला आदी सांगत जाय. कळप लांब असला तं यायला टाइम लागतो. आन् झील धराया मान्सं कमी पडू नये."

"सांगते, आबा," साधना म्हणाली.