ओल्या मालाला हात

“हा तोंड पुसायचा टॉवेल आहे.”

“होता,” नवरा म्हणाला आणि त्यानं तो बादलीत बुचकळला.

अंगणात दोन बादल्या शेजारीशेजारी मांडल्या होत्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची. फडकं साबणात बुडवायचं, गाडीवरून अलगद फिरवायचं, साध्या पाण्यात खळबळायचं, मग पुन्हा साबणात. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन बघत उभी राहिली. या माणसानं जन्मभर एक बादली अंगावर ओतली की आंघोळ झाली असं मानलं होतं. डोक्याला साबण लावायचा तर ते काम उद्यावर. आणि गाडीला दोन बादल्या.

“एकच बादली घेतली तर काय होतं?”

“माती परत गाडीवर येते. ओरखडे पडतात. नवखे लोक हीच चूक करतात.”

“आणि तुम्ही?”

“मी व्हिडिओ बघितलेत.”

व्हिडिओतला तो दाढीवाला मुलगा आता घरातलाच झाला होता. जेवताना ताटाशेजारी फोन उभा करून नवरा त्याचं प्रवचन ऐकायचा. नव्या गाडीचा रंग कोवळा असतो. भांड्यांचा साबण लावू नका. गोल गोल पुसू नका, सरळ पुसा. उन्हात तर हातच लावू नका. एवढ्या भक्तिभावानं त्यानं सख्ख्या बापाचं कधी ऐकलं नव्हतं. बायकोचं ऐकण्याचा तर प्रश्नच नव्हता. ती बोलायला लागली की त्याला नेमकं पंख्याचं बटण आठवायचं.

नोकरीत असेपर्यंत तो लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासत स्कूटरवरून फिरला. त्या स्कूटरला तिच्या उभ्या आयुष्यात पावसाशिवाय कुणी आंघोळ घातली नाही. मागच्या सीटवर बसून हिचे कपडे चिखलानं माखायचे, तेव्हा तो म्हणायचा, “धुतले की जातं.” निवृत्त झाला आणि गाडी आली. आता चिखल हा त्याचा वैरी झाला होता. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यानं काढू दिलं नव्हतं. बसलं की कुरकुरायचं, उठलं की मांड्यांना चिकटायचं. गाडीत पाणी प्यायचं नाही. पर्सला बकल असेल तर ती डिकीत. पुसताना धातू लागायला नको म्हणून तो कमरेचा पट्टा काढायचा, घड्याळ काढायचा. लग्नातली अंगठी आजवर साबणानंही हलली नव्हती, ती त्यानं तेल लावून काढली आणि साखरेच्या डब्यावर ठेवून दिली.

ती तिथून उचलून कपाटात टाकताना हिला मनापासून हसू आलं. इतक्या सहज निघत होती तर.

“शनिवारचं लक्षात आहे ना?” तिनं विचारलं. “आईला न्यायचंय.”

“आहे, आहे.”

“कारखान्याची चिमणी दुपारी पाडणार आहेत.”

“अगं, पण तो कारखान्याचा रस्ता! नुसती खडी. आणि चिमणी पडली की धूळ किती उडेल, काही कल्पना आहे? पुढच्या आठवड्यात नेऊ की त्यांना.”

“पुढच्या आठवड्यात त्यांनी चिमणी परत उभारून पुन्हा पाडली, तर नेऊ.”

तो सरळ रेषेत दार पुसत म्हणाला, “बरं बाई. नेतो.”

आईनं कपबश्यांच्या त्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली होती. तिचं काम एकच. कपाच्या कडेला सोनेरी रेघ ओढायची. ओला कप खालून बोटांच्या टोकांवर तोलायचा, चाकावर ठेवायचा, कुंचला टेकवायचा आणि श्वास रोखायचा. रेघ जिथं सुरू झाली तिथंच येऊन मिळाली पाहिजे. वडील गेल्यावर दोन मुलांना तिनं त्या रेघेवर वाढवलं. भट्टीची चिमणी घराच्या मोरीतूनही दिसायची. धूर सरळ वर गेला की कपडे वाळत घालायचे, आडवा आला की आत घ्यायचे. कारखाना केव्हाच बंद पडला, आई दादाकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, चिमणी तेवढी उरली होती. ती पाडणार हे कळल्यावर आईनं आयुष्यात पहिल्यांदा लेकीकडं काही मागितलं. “तुमची गाडी आलीच आहे, तर तेवढं मला दाखवून आणाल का? उतरायचं पण नाही मला. काचेतून बघेन.”

शनिवारी तिची हॉस्पिटलात सकाळची पाळी होती. तिथं प्लास्टरच्या खोलीत ती कामाला होती. लोकांचे मोडलेले हातपाय बांधायचे आणि जुळून आले की करवतीनं मोकळे करायचे. नवऱ्यानं उशिरात उशिरा अकराला आईला घेऊन यायचं आणि हिला हॉस्पिटलाच्या फाटकातून उचलायचं, असं ठरलं होतं. ती फाटकात उभी राहिली. रुग्ण आले, गेले. फोन लावला, तर उचलेना. शेवटी ती चालत घरी आली.

आई अंगणात बुटक्या स्टुलावर बसली होती. ठेवणीतले कपडे, विंचरून चापून बसवलेले केस, मांडीवर पर्स. आणि नवरा कमरेचा पट्टा काढलेला, पँट एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं गाडीच्या बॉनेटवर इवल्याशा स्पंजनं काहीतरी चोपडत होता.

“हे काय चाललंय?”

“कोटिंग. झालंच. बॉनेट तेवढं राहिलंय.”

“आज?”

“बाटली कालच आली. सकाळी हवा गार होती. तो म्हणतो, गार हवेत सर्वांत छान बसतं. म्हटलं तासाभराचं काम आहे, उरकून जाऊ. त्याला तासच लागतो गं व्हिडिओत!”

“आई, तू कशी आलीस?”

“बसनं,” आई म्हणाली. “जावईबापूंचा फोन लागेना. म्हटलं, कामात असतील. त्यांची वाट कशाला वाकडी करायची. दादानं बसवून दिलं.”

“मी म्हटलं त्यांना, आत बसा,” नवरा म्हणाला. “त्या इथंच बसल्या.”

“मला बघायचं होतं,” आई म्हणाली. “किती निगुतीनं करतात.”

बाई खरंच कौतुकानं बोलत होती. लेकीला ते ऐकवेना.

“मग उरका आणि निघा. अजून वेळ आहे.”

नवऱ्याचा स्पंज थांबला. “हे... असं आहे. लावल्यावर आठवडाभर पाणी, धूळ काही लागू द्यायचं नाही. शेवटच्या भागात सांगितलं त्यानं. मी तो भाग आत्ता ऐकला.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, आता संताप येईल. आला नाही. संताप यायला समोरचा माणूस तेवढा मोठा लागतो. इथं एक पँट सावरणारा पोक्त बाप्या होता, बस्स.

“चल आई. बस आहे.”

“हो, हो. बसच बरी,” आई घाईनं उठली. बुटक्या स्टुलावरून उठताना तिचा गुडघा अडकला, तोल गेला आणि तिनं जवळ जे होतं त्याचा आधार घेतला. पाची बोटं पसरून, पूर्ण तळवा बॉनेटवर.

“हात काढा! अहो, हात काढा तो! अक्कल आहे की नाही!”

समोरच्या घरातले म्हातारबुवा खिडकीत आले. आईनं हात उचलला तो तसाच हवेत धरला, कुठं ठेवावा हे न कळून. तळव्याला चिकट काहीतरी लागलं होतं.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “ओल्या मालाला हात लावायचा नसतो. मला कळायला हवं होतं.”

लेकीनं तो हात धरला, स्वतःच्या ओढणीला पुसला आणि आईला घेऊन फाटकाबाहेर पडली. मागं नवरा म्हणत होता, “आई, तसं नव्हतं म्हणायचं... अगं, थांब तरी!” तो कोपऱ्यापर्यंत मागं आलादेखील. पण पँटला पट्टा नव्हता, आणि पँट धरून पळणारा माणूस फार लांब येऊ शकत नाही.

बसमध्ये आईला खिडकी मिळाली. ती सारखी पुढं वाकून बघत होती. पूल आला की दिसेल, म्हणाली. पुलाच्या अलीकडं बस सिग्नलला अडली असताना कुठून तरी एक जडसा आवाज आला. काचा किंचित थरथरल्या.

“टायर फुटला वाटतं कुणाचा,” मागचा माणूस म्हणाला.

आई सीटला टेकून बसली. पूल आला तेव्हा तिकडं तपकिरी धुळीचा ढग होता, आणि तिनं एकदाच विचारलं, “धूर सरळ जातोय ना?”

“हो,” लेक म्हणाली.

पुढच्या थांब्यावर उतरून दोघी परतीच्या बसमध्ये बसल्या. आईला दादाकडं सोडून ती संध्याकाळी घरी आली. नवरा अंगणात विजेरी घेऊन बॉनेटवर ओणवा झाला होता. त्यानं मान वर केली आणि पहिलं वाक्य हे बोलला:

“बघ. तुमच्या मागं आलो, तेवढ्यात पुसायच्या आधीच सुकलं. पाचही बोटं उमटलीत. पुसून जात नाही आता. मशीन लागणार.”

बॉनेटभर तेलाच्या तवंगासारखे रंग उमटले होते आणि मधोमध आईचा हात होता, करंगळी थोडी वाकडी, रेघा स्पष्ट. कारखान्यात असा बोट लागलेला माल बाजूला काढायचे आणि कामगारांना घरी न्यायला द्यायचे. त्यांच्या घरातल्या प्रत्येक कपावर कुणा ना कुणाचा अंगठा होता. लहानपणी ती आपला अंगठा त्यावर ठेवून चहा प्यायची.

“चिमणी पाहिली का?” बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

“तुम्ही विजेरी धरा,” ती म्हणाली. “नाहीतर एखादं बोट राहून जायचं.”

गॅरेजवाल्यानं डाग काढून दिला. एका दुपारीत गेला, मागमूस राहिला नाही. नवरा गाडी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा असा, की जणू झालं गेलं सगळंच मशीननं घासून निघालं. “बघ, कुठं होता ते सांग,” म्हणाला. तिनं सांगितलं नाही. ती हॉस्पिटलात बसनं जात राहिली, आईकडं बसनं. तो न्यायला तयार असायचा, ती थांब्यावर असायची.

शेवटी एका रविवारी तो आपणहून दादाच्या दारात गाडी घेऊन गेला. सीटवरचं प्लास्टिक त्यानं काढलं होतं. “आई, चला. ती जागा दाखवून आणतो. खडी असू दे, धूळ असू दे.” आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, “तूही चल. त्या मागं बसल्यात.”

ती पुढं बसली. खडीचा रस्ता आला. खडे खालून ताडताड उडायला लागले. प्रत्येक खड्याला नवऱ्याच्या जबड्याची शीर उडत होती, पण तो बोलला नाही. एवढं तिनं त्याच्या बाजूनं मांडलं.

कारखान्याच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं. आई उतरली. कुंपणाशी उभी राहून तिनं मान वर केली आणि जिथं काही नव्हतं तिथं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “किती उजेड आला इथं.”

परत बसताना तिचा गुडघा पुन्हा अडकला. नवरा झटकन पुढं झाला. “आई, धरा की. गाडीला धरा.”

“नको, नको. जमतंय मला.”

दार, छत, सीट, कशालाही बोट न लावता ती हळूहळू आत बसली. मग पाय बाहेर ठेवून तिनं चपला काढल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली आणि पाय आत घेतले.

“अहो, घाला ना पायात,” नवरा आरशात बघत म्हणाला. “काही होत नाही.”

“असू द्या. नवी आहे.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. 

त्यानं गाडी सुरू केली. वाटेत तो एकसारखा आरशात बघत होता, तेव्हा शेवटी तिनंही मान वळवून पाहिलं. चपला आईच्या मांडीवर नव्हत्या. ठेवणीतल्या कपड्यांनाही लागू नयेत म्हणून तिनं त्या अधांतरी धरल्या होत्या, कप धरायची तशा, खालून बोटांच्या टोकांवर तोलून. दर खड्ड्याला गाडी हलत होती. हात हलत नव्हते.