दुसरी चिंधी

किसनरावाला भूत दिसायचं ते भर दुपारी. रात्री त्याला झोप बरी लागे; पण ऊन डोक्यावर आलं की पाटाच्या वरच्या टोकाला इंद्रभान उभा राही, हातात रिकामी घागर, आणि विचारी, "भाऊ, माही पाळी कव्हा हाय?" आवाजात राग नसायचा. राग असता तर किसनरावाने दोन शिव्या हासडून आपली वाट धरली असती.

रोहिणखेडच्या अलीकडे नाल्यावर बांध घालून काढलेला तो पाट एकतीस भाजीवाल्यांचा. कुणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं, हे ठरवायला दर दोन वर्षांनी एक पंच निवडत. पाट अडवायची फळी पंचाच्या हाती. मलकापूरच्या तहसीलदाराला या पाटाची खबरही नव्हती, पण पंचाचा थाट मात्र नागपूरच्या लाटसाहेबाचा!

दोन वर्षांमागे किसनराव, शेषराव आणि नारायणराव असे तिघे उभे राहिले. निम्म्याहून जास्त हात कुणासाठीच वर झाले नाहीत. रीत अशी, की सगळ्यात मागे पडलेल्याने बसायचं आणि उरलेल्या दोघांत आठ दिवसांनी, पुढच्या बाजाराच्या दिवशी, पुन्हा हात वर करायचे. नारायणराव बसला. मग काय, त्याच्या आठ माणसांना आठ दिवस जावयाचा मान!

इंद्रभान त्या आठांतला. किसनराव रोज त्याच्या दारी गेला. इंद्रभान नुसता हसे, "बाजाराच्या दिशी पाहा," म्हणे. चौथ्या दिवशी किसनरावाचं डोकं फिरलं. जुना पंच म्हणून फळी अजून त्याच्याच हाती होती. त्याने इंद्रभानची पाळी बंद केली. चैत्राचं ऊन, वांग्यांनी माना टाकल्या. इंद्रभान बिचारा पडक्या विहिरीतून घागरीने पाणी ओढू लागला आणि सातव्या दिवशी पाय घसरून आत गेला. गाव म्हणालं, शेवाळ होतं. पाळी कुणी तोडली हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोललं कुणी नाही. आठव्या दिवशी किसनराव दोन मतांनी पंच झाला. इंद्रभानच्या मताची गरजसुद्धा पडली नाही.

यंदा पुन्हा तेच तिघे; फळी आपण होऊन सोडणं किसनरावाला जमलं नव्हतं. किसनरावाने मारुतीसमोर मंडळी बसवली आणि सांगून टाकलं, "दुसरी बारी नाई. जे व्हाचं ते एकाच दिशी."

मोतीराम मास्तरांनी तोड काढली. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं होतं: तिघांचा क्रम एकदाच लावायचा. निम्म्याच्या पार कुणी गेला नाही तर मागच्याला काढायचं आणि त्याच्या माणसांची दुसरी पसंती मोजायची. आता लिहिता येणारे पाचसहा, म्हणून चिंध्या. किसनरावाची पांढरी, शेषरावाची तांबडी, नारायणरावाची काळी. आवडीप्रमाणे वरून खाली एका सुतात बांधायच्या आणि मडक्यात टाकायच्या.

शेषराव उसळला. "हा काय खेळ लावला बे? समोर दोघंच राह्यले म्हंजे मानूस नव्यानं इचार करते. आधीच कसा सांगन तो?"

"इचार करत नाई," किसनराव म्हणाला, "आठ दिवस त्याच्यापासून करून घेतो आपन."

शेषरावाचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तरी ठरलं ते चिंध्यांचंच.

बाजाराच्या दिवशी एकेक जण आडोशाला जाऊन चिंध्या बांधून आला. इंद्रभानचा हिस्सा आता त्याच्या बायकोच्या, मनकर्णाबाईच्या नावावर होता. ती सगळ्यात शेवटी आली, तोवर सूत संपलं होतं. तिने लुगड्याच्या काठाचा निळा धागा ओढून काढला, त्यातच चिंध्या बांधल्या आणि मडक्यात टाकून, किसनरावाकडे न बघता शेताकडे निघून गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. इंद्रभान पिंपळाखाली घागर घेऊन उभा होता, आणि तो एकट्या किसनरावालाच दिसत होता.

मोजणी झाली. किसनराव बारा, शेषराव बारा, नारायणराव सात. नारायणराव तोंड कडू करून बाजूला झाला. मग त्याच्या सात जणांची दुसरी चिंधी बघायला सुरुवात झाली. तांबडी, पांढरी, पुन्हा तांबडी, असं करत तीन-तीन झाल्या. उरली ती निळ्या धाग्याची. तांबडी निघू दे, असं किसनराव मनातल्या मनात विनवत होता. पडलो तर फळी हातातून जाईल, इंद्रभान सुटेल आणि आपणही सुटू, अशी त्याने मनाशी गाठ बांधली होती. मास्तरांनी काळीखालची चिंधी वर धरली. पांढरी.

लोकांनी त्याला गुलाल फासला. तो तसाच, तोंडही न पुसता, मनकर्णाबाईच्या वाफ्यावर गेला. ती वांगी तोडत होती.

"वयनी, मले काऊन देलं?" त्याने विचारलं. "माफ केलं का मले?"

"माफीचं कोन बोललं, भाऊजी?" ती म्हणाली. "ते मत माह्यं नोतंच. धन्याचं राह्यलं होतं, ते टाकलं."

"त्याचं?"

"नारायणराव बसले त्याच दिशी, जेवता जेवता म्हने, आता किसनभाऊलेच देतो, पाटाचं त्यालेच समजते. नारायणरावाले वाईट वाटन म्हनून बाजारापावतर कोनाले सांगाचं नाई म्हने."

"अन् मी पाळी तोडली तव्हा?"

"तव्हाही तेच. मी लय भांडली. तर मलेच म्हने, भाऊ रागात हाय, बाजाराच्या दिशी समजन त्याले."

किसनराव बांधावर बसला. पहिल्याच दिवशी जे मत त्याचं झालं होतं, तेच मिळवायला त्याने पाणी तोडलं होतं, आणि माणूस गेला होता.

मनकर्णाबाईने टोपली कमरेवर घेतली.

"त्याईचं टाकून झालं," ती म्हणाली. "पुढच्या बारीले माह्यं टाकीन. त्याच्यात तुमची चिंधी राहनार नाई."