कामाला फिट

कॉलरवाली खुर्चीच्या कडेवर बसली होती. समोर बसलेल्या नव्या कारखान्याच्या मॅनेजरनं तिच्या जुन्या कटिंग मास्तरांना फोन लावला होता, आणि तोही स्पीकरवर.

अकरा वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्या म्हणून तिचं हे नाव. हात असा, की तिच्या कॉलरीत खोट काढायला भिंग आणावं लागे. पण तीन वर्षांपूर्वी मशीनवरच तिला फिट आली आणि महिनाभरात मालकांनी 'काम कमी आहे' म्हणून घरी पाठवलं. काम कमी! दुसऱ्याच दिवशी तिच्या जागेवर दुसरी बसली.

गोळ्या चालू झाल्यापासून पुन्हा काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली होती. तरी दोन ठिकाणी खरं सांगून ती हात हलवत परत आली. या वेळी तिनं आधीच मास्तरांना गळ घातली होती, "मास्तर, कामाचं काय ते सांगा. आजाराचं नको."

"जीभ झडली तरी बोलणार नाही, पोरी," मास्तर म्हणाले होते. माणूस लाखमोलाचा, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"तिचं काम?" स्पीकरवर मास्तर खुलले. "डोळे मिटून घ्या, साहेब. उशीर नाही, खाडा नाही, कुणाशी भांडण नाही."

मॅनेजर खूश दिसला. "शेवटचं विचारतो. बाकी फिट आहे ना?"

पलीकडे मास्तर अडखळले. अहो, तब्येतीचं विचारताहेत, नुसतं हो म्हणा! कॉलरवालीला ओरडावंसं वाटलं, पण मॅनेजर समोरच बसला होता.

"म्हणजे तिनं सांगितलं तुम्हाला!" मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं बाई, जिवावरचं ओझं गेलं. फिट एकदाच आली हो. तोंडाला फेस आला होता, पण पाच मिनिटांत उठून बसली."

मॅनेजरनं फोन ठेवला आणि खुर्ची जराशी मागे घेतली.

"साहेब, डॉक्टरांचं पत्र आहे माझ्याकडे..."

"असू दे, असू दे. माझं काही नाही हो, बाकीच्या बायका घाबरतात. कळवतो आम्ही."

ती उठली, तशी शेजारच्या टेबलावरची क्लार्कबाई धावत आली आणि तिनं कॉलरवालीचं कोपर धरलं. "सावकाश हं. एकदम उठू नका." हॉलमधल्या मशीन एकेक करून थांबल्या. सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या.

ती गेटबाहेर पडते न पडते तोच मास्तरांचा फोन आला.

"पोरी, मी आपणहून काही काढलं नाही हं! तूच सांगितलंस, फार बरं केलंस. आणि ऐक, पुढच्या गल्लीतल्या कारखान्यातही माणसं हवी आहेत. तिथला मॅनेजर माझ्या ओळखीचा. आता लपवायचं काही उरलं नाही म्हणून आत्ताच त्याला फोन करून तुझं सांगून ठेवलं."

ती जागीच थांबली. "काय सांगितलंत, मास्तर?"

"सगळं," मास्तर आनंदानं म्हणाले.